देवाचा कौल, सरकारचा बिल्ला

काकी, तुला खाली आणलं आणि तिरडी बांधायला घेतली, तेवढ्यात भिवा वर जाऊन तुझ्या मिठाच्या बरणीमागून तो बिल्ला घेऊन आला. भिवा म्हणजे आपल्या चाळ कमिटीचा सेक्रेटरी. त्याला तुझ्या घरात कुठे काय आहे ते माझ्यापेक्षा जास्त ठाऊक. त्याने बिल्ला राखेने घासून लखलखीत केला आणि तुझ्या नव्या लुगड्यावर टाचला. मी म्हटलं, "भिवा, नको रे. तिला आवडायचं नाही." त्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि चार माणसांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "काकी गेल्याचा ह्येच्या जिवाक लागला." पुढे भोईवाड्याच्या स्मशानात अग्नी द्यायच्या आधी त्यानेच तो काढून खिशात घातला. सरकारी वस्तू जाळता येत नाही म्हणाला.

तू मला बजावून ठेवलं होतंस, "मी मेल्यार तो बिल्लो माझ्या अंगार घालू नकात." एवढं एकच काम. आणि तेही मला जमलं नाही. तुला याचं नवल वाटायचं नाही. आधणावर लक्ष ठेव म्हणून सांगून तू नळावर जायचीस आणि परत येईपर्यंत अर्धा भात चुलीत आणि मी कुणाला तरी गोष्ट सांगत उंबऱ्यावर, हे तू वर्षानुवर्षं पाहिलंस. "ह्येका गजाली सांगूक बसवा, काम सांगू नकात," असा शेरा तू माझ्या लग्नाच्या बैठकीत मुलीच्या बापासमोर मारला होतास. तरी त्याने मुलगी दिली. त्याचा दोष मी अजून त्याला देतो, आणि माझी बायको तुला.

तर आज ही गजाल तुलाच सांगतो. घरात ही मी इतक्यांदा सांगितली आहे की मुलं मधली वाक्यं माझ्याआधी म्हणतात. पण यातलं खरं काय आणि मीठमसाला काय, हे ओळखणारी तू एकटीच होतीस. आता चूक दाखवायला कोणी नाही, म्हणून पहिल्यांदाच मीठमसाला न घालता सांगायचा प्रयत्न करतो.

युद्धाचे दिवस. गोदीत दारूगोळ्याचं जहाज फुटलं ती दुपार. तू संध्याकाळच्या आमटीचं वाटण वाटत होतीस. पहिल्या आवाजाला पाटा उडाला की तू उडालीस यावर काकांचं आणि तुझं कधी एकमत झालं नाही. जपानी आले, असं कोणीतरी जिन्यात ओरडलं, आणि पुढचा अर्धा तास आपली अख्खी चाळ जपान्यांची वाट बघत गॅलरीत उभी होती. जपानी आले नाहीत. आले ते गोदीच्या बाजूचे लोक. डोक्यावर गाठोडी, कुणाच्या हातात नुसता पिंजरा, कुणाच्या अंगावर काजळी आणि त्याखाली सोललेली कातडी. त्यांना जवळच्या शाळेत उतरवलं.

चाळीत तेव्हा तुम्ही चौघी खाणावळवाल्या. गिरणीतली गावाकडची एकटी माणसं तुमच्याकडे जेवायची. तू, येसूमावशी, आणि तळमजल्यावरच्या दोघी. कोणी कोणाला विचारलं नाही, बैठक घेतली नाही. येसूमावशीने पदर खोचला आणि म्हणाली, "वयनी, तुझो टोप काढ." तुझा तो तांब्याचा टोप चाळीत सगळ्यात मोठा, त्यात मी लहान असतो तर मावलो असतो, आणि मोठेपणीही फारसा बाहेर राहिलो नसतो. तांदूळ रेशनचे, मोजके. म्हणून भात नाही, पेज. त्या दिवसापासून तुमच्या नेहमीच्या जेवणाऱ्यांनाही पेजच. एकाने कुरकूर केली तर येसूमावशी म्हणाली, "भात व्हयो तर गोदीत जा. थय भाजलेलो गावतलो."

पहिल्या संध्याकाळी टोप तूच शाळेत नेलास, मी आणि तू, दोन कानांना दोघं. पहिल्या माणसाला तू पेज वाढलीस. दुसरा वळला, आणि त्याची पाठ तुला दिसली. तू डाव टोपात टाकलास आणि तिथेच आडवी झालीस. पाणी, कांदा, वारा. वारा कोणी घातला ते तू मला नंतर कितीदा सांगायला लावलंस! मांडवीकडून आलेली एक गुजराथी बाई, जिचं घर दुपारी जळालं होतं, तुझं डोकं मांडीवर घेऊन पदराने वारा घालत बसली होती. बेघरांना मदत करायला गेलेली माझी काकी, आणि बेघर तिला मदत करताहेत, ही गोष्ट मी लग्नाकार्यात सांगत असे आणि पाहुणे हसून हसून वाकडे होत. तूही हसायचीस. पण अलीकडे, मोर्च्यांच्या दिवसांत, 'मुंबई आमची'च्या घोषणा रस्त्यावरून जात असताना सगळी गॅलरी ओरडायची आणि तू मध्येच गप्प व्हायचीस. मी विचारलं तर म्हणालीस, "त्या बायेच्या पदराक धुराचो वास येय होतो." बस, तेवढंच.

दुसऱ्या दिवशी सकाळी काकांनी तुला मिळेल त्या वाटेने गावी धाडून दिलं. अर्धी मुंबई पळत होती. मला कोणी धाडलं नाही एवढीच माझी शूरता. टोप मात्र इथे राहिला. शाळेतला शेवटचा माणूस जाईपर्यंत येसूमावशीने त्यात पेज शिजवली. तळमजल्यावरच्या दोघी हाताखाली होत्या, पण टोप उचलायची, वाढायची, भाजलेल्यांना चमच्याने भरवायची ती येसूमावशी. तिच्या उजव्या हाताची वाफेने सालं निघाली होती, ते डाग अजून आहेत. एक म्हातारा काही खाईना. भिंतीकडे तोंड करून पडलेला. येसूमावशी त्याच्या शेजारी बसून स्वतः पेज भुरकायला लागली, मोठ्याने, मुद्दाम, आणि म्हणाली, "मीठ कमी झाला वाटता." म्हाताऱ्याने तोंड वळवलं आणि चव बघितली. हे मी डोळ्यांनी बघितलं. माझ्या आयुष्यात मी एवढी एकच बघण्यासारखी गोष्ट बघितली, बाकी नुसत्या सांगितल्या.

तू परत आलीस तेव्हा टोप घासून पालथा घातलेला होता. येसूमावशीने तुला काही विचारलं नाही. तूही काही बोलली नाहीस. आमच्याकडे अशी भांडणं होतच नाहीत. ती नुसती मुरत ठेवतात.

मग वर्षं गेली. काका गेले. स्वराज्य आलं, त्याला आम्ही सरावलो, आणि मराठी राज्यासाठी पुन्हा रस्त्यावर उतरलो. नाक्यावर गोळ्या चालल्या. आणि अशा दिवसांत कुठल्याशा सरकारमान्य सत्कार समितीला आठवण झाली की युद्धकाळातल्या संकटात ज्यांनी लोकांना मदत केली त्यांचा सन्मान करायचा राहून गेला आहे. प्रत्येक चाळीतून एक नाव द्या. एकच. आणि संध्याकाळपर्यंत.

भिवा तापला. "ज्येंनी गोळये घातल्यांनी त्येंच्या हातसून बिल्लो? जी बाय जायत तिका नळार पाणी भरूक दिवचय नाय!" येसूमावशी तांदूळ निवडत होती. मानही वर न करता म्हणाली, "भिवा, तू मोर्च्यातसून येतंस तेव्हा तुका वाढता कोण? तुझो मोर्चो?" भिवा जिना उतरला.

नाव कोणाचं, हे चाळीतल्या मांजरालाही ठाऊक होतं. पण येसूमावशी आपलं नाव आपण कशी सांगणार? तू तिचं सांगायला तोंड उघडलंस, तर तळमजल्यावरच्या दोघींचे चेहरे पडले. त्यांचं सांगावं तर तुझ्या टोपाचा अपमान. माझ्या मते मत घ्यायला हवं होतं. पण बायका म्हणाल्या, देवीला विचारू. गावात विहीर कुठे खणायची, मुलगी कुठल्या घरी द्यायची, सगळं देवीला विचारायचं, मग हे का नाही? चाळीमागच्या देवीच्या घुमटीत गेलात. मी मागून. येसूमावशीने चार पाकळ्या ओल्या केल्या आणि देवीच्या दगडावर चिकटवल्या, एकेकीच्या नावाची एकेक. जी आधी पडेल तिचं नाव. तुझं नाव घालू नको म्हणून तू दोनदा सांगितलंस. येसूमावशी म्हणाली, "टोप तुझो होतो. टोपाक वगळूचा कसा?"

तुझी पाकळी पडली.

यावरून आपला जो वाद सुरू झाला तो अजून चालूच आहे, काकी, फक्त तुझी पाळी आली की आता शांतता असते. माझं म्हणणं, पाकळी मोठी होती, जड होती, म्हणून आधी पडली. तू म्हणायचीस, "देवाक वजन कळणा नाय काय रे?" मी म्हणायचो, मग देवी चुकली. तू कानांवर हात ठेवायचीस. "देवी चुकली म्हणू नको. ता बक्षीस न्हय, ती शिक्षा असा. मी पळालंय ना." मी म्हटलं, शिक्षा द्यायला देवीला सरकारचा शिक्का कशाला लागतो? यावर तू मला जेवायला वाढलंस. वादात हरायला लागलीस की वाढायचीस, आणि मी जेवायला लागलो की जिंकायचीस.

समारंभाला परळच्या हॉलमध्ये आपण गेलो. तुझं नाव पुकारलं आणि एका गृहस्थांनी कागद वाचला: रात्रंदिवस पेज शिजवली, जखमींना स्वहस्ते भरवलं, हात भाजले तरी मागे हटल्या नाहीत. येसूमावशीचा एकेक दिवस तुझ्या नावाने वाचत होते. तू बिल्ला लावणाऱ्या पाहुण्यांच्या कानाशी लागून म्हणालीस, "साहेब, ह्या मी नाय केलंय." पाहुण्यांनी ते माइकवरून सगळ्यांना सांगितलं. "पाहा, बाई म्हणतात, मी काही केलं नाही. याला म्हणतात निःस्वार्थ सेवा!" टाळ्या पडल्या. सगळ्यात जोरात येसूमावशीच्या.

घरी येऊन पहिलं काम तू तेच केलंस. बिल्ला घेऊन तिच्या खोलीत गेलीस. ती भाकऱ्या थापत होती. "येसू, ह्यो तुझो." तिने हात मागे घेतले, पिठाचे. "देवीचो कौल मोडतंस? उद्या पोराबाळांक काय झाला मगे?" "माका पोरा खय आसत?" तू म्हणालीस. "माका आसत," ती म्हणाली. विषय संपला. तुमची बोलणी संपली नाहीत, वाटीभर साखर, चटणी, सगळं चालू होतं. फक्त पूर्वी दुपारी ती तुझ्या उंबऱ्यावर येऊन आडवी व्हायची, ते बंद झालं. तू दुपारी दार उघडं ठेवायचीस. मी एकदा विचारलं, वाऱ्याला का? म्हणालीस, "होय, वाऱ्याक."

मग आपल्या कचेरीच्या वाऱ्या सुरू झाल्या. तुला एकच हवं होतं: येसू जिवंत आहे तोवर त्या कागदावर तिचं नाव लागायला हवं. देवी देत नाही तर सरकार तरी देईल. मी बोलायला म्हणून बरोबर यायचो. गिरगावात राहायला गेल्यापासून माझं बोलणं 'साहेबी' झालंय असा तुझा समज. तिथला कारकून भला माणूस होता. तुला खुर्ची द्यायचा, मला उभं ठेवायचा.

"बाई, सन्मान बदलता येत नाही. काढून घेता येतो, पण त्याला गैरवर्तन सिद्ध व्हावं लागतं."

"मगे लिवा. मी केलंय."

"काय केलंत?"

"पळालंय."

त्याने पेन खाली ठेवलं. "पळून जाणं गैरवर्तनात बसत नाही, बाई. तेव्हा आमचे साहेबही पळाले होते."

मला हसू फुटलं. तू मात्र उठून चालू लागलीस. आणि रस्त्यावर आल्यावर म्हणालीस, "तुका सगळीच गजाल दिसता." काकी, हे तू रागाने म्हणालीस की दमून, ते मला कळलं नाही. विचारायचं राहिलं.

आणि मग महाराष्ट्र झाला. चाळीवर दिवे, भिवा गुलालात, मी घसा बसेपर्यंत ओरडलेला. तू माझा हात धरून म्हणालीस, "आता आपला सरकार इला. आता बदलतले." मुंबई मिळाली, राज्य मिळालं, मराठी माणसाचं भलं झालं, तुझ्या मनात मात्र एवढंच. माझ्याही मनात त्या दिवशी असंच काहीसं आलं की आता सगळं होईल. त्या दिवशी कोणालाही काहीही वाटत होतं.

आपण गेलो. तोच कारकून, तीच खुर्ची, भिंतीवरची पाटी नवी. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि अगदी हळू म्हणाला, "बाई, तो सन्मान जुन्या राज्याने दिलेला. ते राज्य आता नाही. जे राज्यच नाही त्याची चूक या राज्याने कशी दुरुस्त करायची?"

तू खुर्चीवरून उठलीस. मग मला म्हणालीस, त्याला नाही, "एवढा राज्य मोडूक जमला, आणि एक नाव बदलूक जमणा नाय?"

  परतताना तू माझ्या खांद्याचा आधार घेतलास. त्याआधी कधी घेतला नव्हतास. त्यानंतर तू कचेरीचं नाव काढलं नाहीस, आणि हळूहळू जेवणाचंही.

तुझ्या तेराव्याला संध्याकाळी चाळीत शोकसभा झाली. भिवा अध्यक्ष. नळावर पाणी न भरू देणारा भिवा आता राज्य मिळाल्यापासून सगळ्यांना माफ करून बसला आहे. तुझा फोटो, हार, पुढ्यात बिल्ला. त्याने तोच कागद वाचला: रात्रंदिवस पेज, हात भाजले. मग येसूमावशीला दोन शब्द बोलायला सांगितलं. ती उठली. कधी चार माणसांत न बोललेली बाई. म्हणाली, "एक म्हातारो जेवी नाय होतो. भिंतीकडे तोंड करून. वयनी त्याच्या कुशीक बसली आणि आपणच पेज भुरकूक लागली. म्हणता कशी, मीठ कमी झाला. मगे तो जेवलो." आणि पदराने डोळे पुसले.

काकी, ती खोटं बोलत नव्हती. मी तिचा चेहरा नीट बघितला. कौल पाळायचा म्हणून बोलत होती की तिला आता खरंच तसं आठवतं, हे मला सांगता येणार नाही. तिचंही वय झालं आहे.

मी उठलो. म्हटलं, थांबा, हे काकीने नाही, येसूमावशीने केलं. मी तिथे होतो. काकी तर पहिल्याच दिवशी चक्कर येऊन पडली होती, आणि वारा... एवढं म्हणेपर्यंत मागून कोणीतरी हसलं. मग दुसरा. "सांग, सांग, गुजराथणीची गोष्ट सांग!" वर्षानुवर्षं मीच त्यांना ती हसायला दिली होती, आता ती रडून सांगितली तरी ते हसणारच. मी खरंच सांगतोय म्हटल्यावर तर लोटपोट झाले. शोकसभा हलकी झाली म्हणून भिवाने सर्वांच्या वतीने माझे आभार मानले. येसूमावशी एकटी हसली नाही. ती माझ्याकडे रागाने बघत होती, तुझ्या सभेत तुझी चेष्टा केली म्हणून.

म्हणजे आता सांगायचा रस्ताही बंद झाला. देवीने ऐकलं नाही, सरकारने ऐकलं नाही, आणि चाळ माझं ऐकते ते फक्त हसण्यापुरतं. तू मला लहानाचं मोठं केलं नसलंस तरी जेवतं केलंस. या मुंबईत मला पहिलं ताट तू वाढलंस. त्याचे आभार मी कधी मानले नाहीत, आपल्यात तशी पद्धत नाही. आज मानतो. पण त्याच्या बदल्यात तुझ्यासाठी जे करायचं होतं त्यातलं काहीच झालं नाही, आणि आता होईल असंही मला वाटत नाही.

कमिटीने फाटकाशी पाणपोई बांधली आहे. तुझ्या नावाची. पाटी रंगवायला माणूस आला तेव्हा त्याची शिडी येसूमावशीने धरली होती. पाटीवर आधी द्वारकाबाई, पुढे तुझं पदक, पुढे तुझी सेवा. माठ सकाळी तीच भरते, तळमजल्यावरच्या नळापासून दोन दोन कळश्या आणून. परवा मी म्हटलं, "दे इकडे मावशी, मी भरतो." तिने कळशी सोडली नाही. "ऱ्हवांदे रे. वर वयनीचा नाव असा. माठ रितो ऱ्हवाक नको."

मी तिथेच उभा राहिलो. गिरणीची पाळी सुटली होती. माणसं येत होती, पाणी पीत होती. एक तरुण पोरगा पाणी पिऊन पाटी वाचायला वर बघू लागला, हात जोडायला. मध्ये येसूमावशी उभी होती, कळशी घेऊन.

"मावशी," तो म्हणाला, "जरा बाजूला व्हा."

ती झाली.